दळवीबाई पास करत नसत

दळवीबाईंबद्दल इंटरनेटवर दोन वाक्यं सापडतात. पहिलं आमच्या जुन्या कंपनीच्या संकेतस्थळावर आहे: 'प्रकृतीच्या कारणास्तव श्रीमती सुमन दळवी यांनी स्वेच्छेने काम थांबवले.' दुसरं आमच्या मालकाने उद्योगजगताच्या एका पोर्टलला दिलेल्या मुलाखतीत आहे: 'सुरुवातीच्या काळात आमच्या दळवी मॅडमच्या नजरचुकीने एक चालू वर्कशॉप बंद म्हणून नोंदलं गेलं. त्यातून आम्ही खूप शिकलो.' दोन्ही वाक्यं खोटी आहेत. पहिलं मी लिहिलं आहे आणि दुसरं माझ्यामुळे बोललं गेलं आहे.

बाई मागच्या थंडीत गेल्या. परवा सहज म्हणून मी फोनमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या मशीनला विचारलं, की भोसरीतल्या अमुक कंपनीतल्या सुमन दळवींबद्दल सांग. सहज म्हणतो, पण बरेच दिवस ते मनात घोळत होतं. मशीनने अजिबात न अडखळता सांगितलं: 'प्रकृती ठीक नसल्यामुळे त्यांच्याकडून एक चूक झाली आणि त्यानंतर त्यांनी स्वेच्छेने काम सोडले.' म्हणजे माझं खोटं आणि मालकाचं खोटं एकत्र मळून त्याने तिसरं, चांगलं गुळगुळीत खोटं तयार केलं होतं. आणखी काही मदत हवी का, असंही वर विचारलं.

म्हणून हे लिहितो आहे. पण आधीच सांगून ठेवतो, दळवीबाई सोसायला सोप्या नव्हत्या. माणूस गेल्यावर त्याच्यावर लिहिताना लोक त्याला मऊ करतात. तसं मी केलं तर चौथं खोटं होईल. एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात माझी सगळी नोकरी झाली. तिथे भांडखोर युनियनवाले पाहिले, ऐनवेळी माल अडवून धरणारे पुरवठादार पाहिले. पण दळवीबाईंसारखा वैताग मला कोणीही दिला नाही.

निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून मी निखिलच्या कंपनीत जाऊ लागलो. निखिल माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. दिघीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका हार्डवेअरच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. खाली दिवसभर पाइप कापायचं मशीन किंचाळायचं आणि वर ही मुलं कॉम्प्युटरला वाचायला शिकवायची. कल्पना अशी होती, की आपल्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, हजारो लहानमोठे कारखाने आहेत. कोण काय बनवतं, कोण कोणाला माल देतं, कोण चालू आहे, कोण बंद पडलं, ही माहिती इंटरनेटवर बातम्यांत, जाहिरातींत, कंपन्यांच्या पानांवर सांडलेली असते. प्रोग्रॅमने ती सगळी वाचायची आणि त्यातून एकेक गोष्ट उचलून साठ्यात ठेवायची. खरेदीवाल्यांनी तो साठा वापरायचा.

सुरुवातीला त्याला थोडी उदाहरणं द्यायची. अमुक कारखाना गिअर बनवतो, तमुक बेअरिंग बनवतो. मग तो ती नावं जिथे जिथे येतात ती वाक्यं शोधायचा, वाक्यांचा घाट ओळखायचा आणि त्याच घाटाच्या दुसऱ्या वाक्यांतून नवी नावं उचलायचा. उचललेली गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या तरी पडद्यावर यायची. खाली दोन बटणं. बरोबर आणि चूक. आम्ही बरोबर म्हटलं की ती नोंद पास झाली, आणि उद्यापासून तो तिच्याच आधाराने आणखी शिकणार. आम्ही म्हणजे मी, दोन-तीन नव्या पोरी आणि दळवीबाई. तपासणीचा प्रमुख मी होतो.

बाई दापोडीहून यायच्या. टेलिफोन खात्यात चौकशी विभागात त्यांची सगळी नोकरी झालेली. लोकांनी नाव सांगायचं, त्यांनी नंबर सांगायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी फोन उचलला की त्यांच्या तोंडून "चौकशी" एवढंच यायचं, आणि समोरचा माणूस गोंधळून स्वतःचं नाव सांगून मोकळा व्हायचा. ठेंगण्या, पाय जमिनीला टेकावेत म्हणून खुर्ची पार खाली केलेली, चष्मा दोरीला. मुलं प्रोग्रॅमला सिस्टिम म्हणायची. बाई त्याला बाळ्या म्हणायच्या आणि त्याच्याशी मोठ्याने बोलायच्या.

"बाळ्या, हे तुला कोणी सांगितलं रे?"

"बाई, तो वाचून सांगतो," मी म्हणायचो.

"ते मला कळतंय. पण कोणाचं वाचलं? आणि कधीचं?"

हे 'कधीचं' म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. पडद्यावर यायचं: अमुक कंपनी चाकणला आहे. बाकीच्या पोरी बरोबर दाबून पुढे जायच्या. बाई मागे रेलून विचारायच्या, "आहे म्हणजे कधी आहे?" मी म्हणायचो, आत्ता आहे. "आत्ता बाळ्या तिथे उभा आहे का? हे पान कोणी, केव्हा लिहिलं त्यावर तारीख नाही. पाठकसाहेब, टेलिफोनची डिरेक्टरी छापून यायची ना, त्याच दिवशी ती शिळी झालेली असायची. माणसं मेलेली असायची, दुकानं हललेली असायची. लोक भांडायचे, पुस्तकात आहे म्हणून. मी म्हणायचे, पुस्तकात असेल, तिथे नाही."

मग काय करायच्या? फोन करायच्या. एका नोंदीसाठी फोन! तासाभरात पोरी ढीगभर नोंदी उपसायच्या आणि बाई एका कारखान्याच्या वॉचमनशी त्याच्या गावच्या पाण्याबद्दल बोलत असायच्या. गुरुवारी पट्ट्याला सुट्टी, फोन कोणी उचलत नाही, म्हणून गुरुवारी त्या एकही नोंद पास करायच्या नाहीत. नुसत्या बसून राहायच्या. मी जवळून गेलो की सांगायच्या, "आज सगळं बंद आहे. आज बाळ्याला विचारलं तर तो म्हणेल पट्टा बुडाला."

'अग्रगण्य' या शब्दाचा त्यांना भयंकर राग. जी ती कंपनी स्वतःला अग्रगण्य म्हणवते आणि बाळ्या ते भाबडेपणाने उचलून आणतो. बाई दर वेळी चूक दाबायच्या. मी एकदा समजावलं, "अहो, तसं लिहायची पद्धत असते."

"सगळेच पुढे, मग मागे कोण आहे? मागचा एक दाखवा, मग पुढचे पास करते."

आणि त्या नेहमी बरोबर असायच्या असंही नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे. एक मोठा कारखाना विजेवरच्या स्कूटर बनवतो, ही नोंद त्यांनी तीनदा चूक म्हणून फेकली. कारण काय, तर त्यांच्या शेजारणीचा जावई तिथे होता आणि तो म्हणाला होता की असलं काही नाही. शेवटी निखिलने स्वतः त्या स्कूटरवर बसून काढलेला फोटो आणून दाखवला. बाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला, परत दिला आणि म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा बनवत नव्हते." जावयाला यातलं काही माहीत नसेल, हे शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

कांद्याचा किस्सा मात्र माझा. बाळ्याने कुठेतरी वाचलं, की चाकणहून रोज कांदा आणि वाहनांचे सुटे भाग बाहेरगावी जातात. नोंद आली: कांदा, चाकणचं उत्पादन. आता चाकणचा कांदा कोणाला माहीत नाही? मी घाईत बरोबर दाबलं. दुसऱ्या दिवशी बाळ्याने गिअर, बेअरिंग आणि ब्रेकच्या पंगतीला बटाटा आणून बसवला. त्याच्या मागून लसूण. मग कोथिंबीर, आणि कोथिंबीर पुरवणारे अग्रगण्य पुरवठादार. आठवडा संपेपर्यंत सुट्या भागांच्या यादीत अख्खी भाजीमंडई आली. निखिल डोकं धरून बसला. पोरी तोंडावर ओढण्या घेऊन हसत होत्या.

बाई हसल्या नाहीत. माझ्या टेबलाशी येऊन हळू म्हणाल्या, "तुम्ही खोटं पास नाही केलंत. खरं तेच पास केलंत, पण ते भलत्या खणात पडलं. मला बाळ्याची काळजी वाटते हो. तो आपल्यावर विश्वास ठेवतो."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला. चूक झाली म्हणून ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांची एक मागणी होती आणि ती त्यांनी लावून धरली होती. तिसरं बटण हवं. माहीत नाही, असं. निखिल हात जोडायचा. "मॅडम, माहीत नाही हे गिऱ्हाइकाला कसं विकू?" बाई म्हणायच्या, "चौकशीत आम्ही रोज सांगायचो. नोंद नाही, थोड्या दिवसांनी विचारा. कोणी मेलं नाही." तिसरं बटण काही आलं नाही. तेव्हा ज्या नोंदींची खात्री नाही त्या बाई कशालाही हात न लावता तशाच ठेवून द्यायच्या. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्या नावापुढे राहिलेल्या नोंदींचा आकडा वाढत राहायचा. निखिल आत आला की आधी तो आकडा बघायचा, मग माझ्याकडे.

"काका, मॅडमचं काहीतरी करा."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! मी प्रमुख होतो ना. मी बाईंकडे जायचो, बाई मला कधीचं आणि कोणाचं विचारायच्या आणि मी हात हलवत परत यायचो.

तो चैत्र होता. एका मोठ्या कंपनीचे खरेदी अधिकारी आमचा साठा बघायला येणार होते. त्यांनी होकार दिला तर निखिलची कंपनी उभी राहणार होती. आदल्या दिवशी सकाळी निखिल म्हणाला, "उद्या पडद्यावर राहिलेल्या नोंदी शून्य दिसल्या पाहिजेत." मी बाईंसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि म्हटलं, आज एकेक करून संपवू. पहिलीच नोंद निघाली ती चाकणच्या पलीकडे राहणाऱ्या येळवंडे नावाच्या माणसाच्या वर्कशॉपची. नोंद अशी: बंद. खाली बाळ्याने आधार दिले होते. तीन वेगवेगळ्या संकेतस्थळांवर 'कायमचे बंद' असं लिहिलेलं होतं.

"तीन ठिकाणी आहे बाई. दाबा."

"तीन ठिकाणी एकाच माणसाचं आहे. हे बघा, तिन्हीकडे तीच शुद्धलेखनाची चूक. कोणीतरी टेम्पोवाला गेला, कुलूप बघून त्याने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं."

"मग फोन लावा."

"लावला. उचलत नाही. चैत्र आहे साहेब, तिकडे गावोगाव यात्रा चालू आहेत. देवाची पालखी, कुस्त्या, पाहुणेरावळे. वर्कशॉपला कुलूपच असणार. यात्रा उरकू दे, मग विचारते."

"उद्या माणसं येणार आहेत आणि तुम्ही मला यात्रेचं सांगता?"

"मी नाही, कुलूप सांगतंय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या नोंदीकडे वळल्या. तीही त्यांनी ठेवून दिली. तिच्या पुढचीही. तासाभरात आकडा जिथल्या तिथे.

दुपारी बाई डबा घेऊन गच्चीवर गेल्या. त्या नेहमी गच्चीवर जेवायच्या, पाइपच्या आवाजात घास उतरत नाही म्हणून. त्यांचा पडदा उघडाच होता. मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची इतकी खाली होती की माझे गुडघे टेबलाला लागत होते, म्हणून ती वर केली. आणि बरोबर, बरोबर, बरोबर असं दाबत सुटलो. वाचलंही नाही. येळवंड्यांची नोंद मात्र वाचली. ती आली तेव्हा बोट थांबलं, बाईंनी सकाळी काय सांगितलं ते आठवलं आणि तरी दाबलं. नजरचूक म्हणतात ती अशी नसते.

बाई परत आल्या, पडद्याकडे बघितलं. "माझ्या राहिलेल्या कुठे गेल्या?"

"निखिलने सिस्टिम साफ केली असेल," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, शून्य पाहून खूश झाले, होकार देऊन गेले. निखिलने पेढे वाटले. बाईंनी पेढा कागदात बांधून पर्समध्ये ठेवला.

काही आठवड्यांनी येळवंडे आमच्या जिन्यातून वर आले. पांढरा सदरा, ग्रीसने काळी पडलेली बोटं. दारातच त्यांनी आवाज चढवला.

"हितं मालक कोन हाय? आमचं दुकान बंद झालं म्हून कोनी लिवलं?"

निखिल उठला. "बसा दादा, पाणी घ्या."

"पानी न्हाई पायजे. आमी काय मेलो का? धा वर्सांचं गिऱ्हाईक, फोन केला तर म्हनतं, राव तुमी तर बंद झाला ना, आमी दुसरीकडं दिलं काम. दुसरं गिऱ्हाईक, त्येबी त्येच. म्हनलं कोनी सांगितलं? तर म्हनं कॉम्प्युटरवर हाय. यात्रेला चार दिस कुलूप लावलं, दर साली लावतो. देवाला जायचं न्हाई का आमी?"

निखिलने नोंद काढली. कोणी पास केली ते तिथे दिसायचं. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मॅडम, ही तुम्ही पास केलीय."

"मी केलेली नाही."

"तुमच्या नावावर आहे."

"नावावर असेल. मी केलेली नाही."

"मग कोणी केली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आरोप केल्यासारखं नाही. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या बाईने पलीकडचा माणूस बोलण्याची वाट पाहावी तसं. चांगला वेळ दिला त्यांनी मला. येळवंडेही माझ्याकडे बघू लागले, निखिलही. आणि मी काय बोललो? गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "बाई, होतं कधीकधी गडबडीत. या वयात नजर चुकते."

मी त्यांच्यापेक्षा वयाने मोठा आहे.

त्यांनी चष्मा काढला, दोरी गुंडाळली, पर्समध्ये ठेवली. निखिल काहीतरी म्हणत होता, उद्यापासून जरा विश्रांती घ्या वगैरे. बाईंचं लक्ष नव्हतं. त्या येळवंड्यांना विचारत होत्या, "तुमच्याकडून कोण कोण माल घेतं? सगळ्यांचे नंबर आहेत का? मग चला, खाली चहा घेऊ, मी लिहून घेते." दोघं जिना उतरून गेले. बाई परत ऑफिसात आल्या नाहीत.

निखिल वाईट मुलगा नाही. ती मुलाखत नंतरची; तेव्हा त्याला वाटलं, बाईंची बदनामी नको. त्याने मला सांगितलं, काका, दोन ओळी चांगल्या लिहा, साइटवर टाकू. मी चांगल्या लिहिल्या. 'प्रकृतीच्या कारणास्तव', 'स्वेच्छेने'. असे शब्द माझ्या बोटांत तयारच असतात, खरेदी खात्यात जन्म गेला. ज्याला काढायचं त्याला स्वेच्छेने लिहायचं.

पुढच्याच आठवड्यात एक नोंद माझ्या पडद्यावर आली. बाळ्याने आमचंच पान वाचलं होतं. सुमन दळवी, काम थांबवण्याचं कारण: प्रकृती. खाली दोन बटणं. मी उठून पाणी पिऊन आलो. नोंद तिथेच होती. चूक दाबलं असतं तर निखिलने विचारलं असतं, का? मी बरोबर दाबलं. बाई मागत होत्या तसं तिसरं बटण असतं तरी मी त्याच्यामागे नुसता लपलो असतो. मला तर माहीत होतं.

त्यानंतर माझं तिथे लक्ष लागेना. वर्षअखेरीस मी काम सोडलं. माझ्यावरही निखिलने दोन चांगल्या ओळी टाकल्या.

मग एकदा मी येळवंड्यांच्या वर्कशॉपवर गेलो. धीर गोळा करून गेलो म्हणायला पाहिजे. दापोडीला बाईंच्या घरी जायचं धाडस नव्हतं, म्हणून वाटलं आधी त्यांची माफी मागू, ते सोपं. आत लेथ चालू होती. पत्र्याच्या केबिनमधून आवाज आला, "नमस्कार, हो, चालू आहे. मी इथूनच बोलतेय. लेथचा आवाज ऐकवू का?" आणि एक हात फोन घेऊन केबिनच्या दारातून बाहेर आला, तसाच धरून राहिला आणि आत गेला.

दळवीबाई. त्या आठवड्यातून काही दिवस तिथे येऊन बसायच्या. येळवंड्यांची सगळी जुनी गिऱ्हाइकं त्यांनी फोन करून करून परत आणली होती. एकेकाला तीन-तीनदा फोन. त्या माणसांच्या जागी मी असतो तर वैतागून काम दिलं असतं. येळवंडे मला ओळखून म्हणाले, "या साहेब. बाईंनी लई जीव काढला आमचा. गिऱ्हाईक आलं तरी इचारतात, तुमी आलात म्हंजी खरंच आलात का? व्हय म्हनलं तरी पटत न्हाई त्यास्नी."

"बसा," बाई मला म्हणाल्या. जणू मी रोज येत होतो.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. जेवणाची सुट्टी, खुर्ची, बटण. सांगताना त्यांच्याकडे बघवेना, म्हणून टेबलावरच्या देवाच्या फोटोकडे बघत होतो. संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"हे मला त्याच दुपारी कळलं होतं. मी बसले तर पाय लोंबकळत होते. खुर्ची वर केलीत ती खाली तरी करायचीत."

"मग तेव्हाच का नाही बोललात? निखिलसमोर?"

"मी खुर्चीचं सांगितलं असतं, तुम्ही नाही म्हणाला असतात. मग एक विरुद्ध एक. ज्याने केलं त्याने सांगितलं तर ती पक्की नोंद." त्यांनी फोन पदराने पुसला. "आणि मला राग आला होता. तुमच्याशी बोलायचंच नव्हतं. वयाचं कशाला काढलंत?"

मी माफी मागितली. त्यांनी ती उडवून लावली, नीट घेतलीही नाही. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच आहे. येळवंड्यांना माहीत आहे, मी सांगितलंय. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. तुम्ही लिहिलंत ना ते प्रकृतीचं? माझी बहीण नाशिकहून रडत फोन करते, तुला काय झालंय म्हणून. मी ठणठणीत आहे म्हटलं तर म्हणते, लपवू नकोस, इंटरनेटवर आलंय. आता ते जसं उघड लिहिलं तसंच उघड कुठेतरी दुसरं लिहा. खाली नाव घाला, तारीख घाला. बाळ्या काय, असले सगळे तेच वाचणार. त्यांना दुसरं वाचायला तरी मिळू दे."

"निखिलला अडचण होईल."

"मग होऊ दे की थोडी. मला झाली ना?"

मला पुन्हा तोच जुना वैताग आला. माणूस इतक्या लांबून, इतकं मन घट्ट करून येतो आणि ही बाई त्याला काम लावते! एक शब्द, असू दे म्हणून? नाही.

संध्याकाळ व्हायला आली तशा त्या उठल्या. मी गाडीने दापोडीला सोडतो म्हटलं. नको म्हणाल्या, बसचा पास काढलाय. निदान चाकणच्या चौकापर्यंत सोडू दिलं. वाटेत कंटेनरच्या रांगेत आम्ही अडकून राहिलो. त्या सगळा वेळ कारखान्यांच्या पाट्या वाचत होत्या आणि मधेच म्हणत होत्या, "ही पाटी नवी आहे," किंवा "इथे आधी दुसरं काहीतरी होतं." माझ्या गुन्ह्याबद्दल एक अक्षर नाही.

चौकात बस उभीच होती. पाटीवर मार्ग लिहिलेला. बाईंनी पाटी वाचली, मग कंडक्टरला विचारलं, "दापोडीला थांबते का?"

"थांबते मावशी, बसा."

"स्टेशनच्या बाजूला की अलीकडे?"

"दोन्हीकडं थांबते. चढा लवकर."

त्या पायरीवर चढून पुन्हा वळल्या आणि दारात उभ्या असलेल्या एका प्रवाशाला तेच विचारू लागल्या. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. ड्रायव्हर खिडकीतून डोकावला. माझा संयम सुटला. "अहो बाई, बसा ना आता! थांबते म्हणतायत ना ते!"

त्या आत गेल्या. बस हलली. आणि मधल्या खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं. भर चौकात, हॉर्नच्या गोंगाटात, त्यांचा तो टेलिफोनचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला.

"पाठकसाहेब, कधी लिहिणार? वार सांगा!"

आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले.

"रविवारी," मी ओरडलो.

"या रविवारी?"

"हो, हो, याच!"

बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी डोकं आत घेतलं आणि काच ओढली.